मदत हवी आहे: घडीच्या सँडविच तव्यात ज्वारीचं धपाटं आतून कच्चं राहतंय (शेतात दोन रात्री, चार माणसं)

नमस्कार मंडळी,

यंदा येळवशीला (वेळा अमावस्येला) आम्ही शेतात नुसतं जेवायला नाही, राहायला जाणार आहोत. आदली रात्र आणि सणाची रात्र. अण्णा म्हणजे माझे वडील (वय ७४), मी आणि माझी दोन मुलं. शेत औसा तालुक्यात आहे. तिथं आता राहण्यासारखं घर नाही. विहीर आहे, बांधाला बाभळी आहेत आणि मोटारीचं सामान ठेवायची एक पत्र्याची खोली आहे. दोन तंबू भाड्यानं ठरवलेत.

अण्णांनी तरुणपणी याच रानात ज्वारीची जागल (रात्रीची राखण) केली. रात्र रात्र कोपीत, म्हणजे गवताच्या झोपडीत, काढायची, घरून बांधून आणलेली भाकरी निखाऱ्यावर शेकायची, बरोबर ठेचा आणि कांदा. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं ते शेताकडे गेलेच नाहीत. दिवाळीत एकदा जेवता जेवता म्हणाले, "एकदा रानात झोपायचंय गं." एवढंच. पण ते बोलणं माझ्या मनातून जात नाही. म्हणून हा सगळा खटाटोप.

आता अडचण सांगते. सणाच्या दिवशीचं जेवण घरून जाईल. भज्जी (डाळी-भाज्यांची मिसळ भाजी), उंडे (पिठाचे उकडलेले गोळे), आंबिल (ज्वारी-ताकाचं पेय) सगळं करायला जावा आणि वहिन्या येणार आहेत. प्रश्न आहे तो आदल्या संध्याकाळचा, सणाच्या रात्रीचा आणि दोन सकाळींचा. त्या वेळी आम्ही चौघंच असू आणि रांधणारी मी एकटी. मोठा तवा, परात, पोळपाट असा संसार न्यायचा नाही म्हणून मी घडीचा सँडविच तवा घेतला. बिजागरीनं जोडलेली दोन चौकोनी झाकणं, लांब दांडे, आतून नॉनस्टिक. आतली जागा साधारण पाच इंच. मला तो आवडला तो एका कारणासाठी: मिटला की त्यात धूळ जात नाही, आणि उलटायला कलथा लागत नाही, अख्खा तवाच फिरवायचा.

मुलांसाठी ब्रेडची सँडविचं छान झाली. त्यात काही अडलं नाही. पण अण्णांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी ब्रेड आणि मैदा बंद केलाय, आणि खरं तर ज्वारी पोटात गेल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. गोळी घेतली की जेवण वेळेवर लागतं, तासभर ताटकळत ठेवता येत नाही.

दोनदा करून पाहिलं. पहिल्यांदा गच्चीवर, डब्यातल्या ब्युटेन गॅसच्या छोट्या शेगडीवर. धपाट्याचं पीठ नेहमीसारखं मळलं (ज्वारी, थोडी कणीक, बेसन, लसूण, हिरवी मिरची, ओवा, तीळ, कोथिंबीर), जाडसर थापून आत ठेवलं आणि तवा मिटला. चार मिनिटांनी उघडलं तर वरून काळे डाग आणि आत ओलं पीठ. ज्वारीची भाकरी केली तर तिचे उलटताना तीन तुकडे झाले. दुसऱ्यांदा अंगणात तीन विटांवर तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) पेटवून केलं. त्या वेळी दांड्याची काळी प्लास्टिकसारखी मूठ जळाली, घाण वास सुटला आणि आतल्या नॉनस्टिकला एका कोपऱ्यात फोड आले. अण्णा खुर्चीवर बसून बघत होते. म्हणाले, "काय करायलीस गं, जाळ किती लावलास!" पण त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून उठून काही दाखवता आलं नाही. मला फार वाईट वाटलं.

मला विचारायचंय ते असं. या तव्यात ज्वारीचं काहीतरी नीट शिजवता येतं का, की हा हट्ट सोडावा? चुलीवर चालवायचा असेल तर जाळ कसा ठेवायचा? फोड आलेला तवा वापरावा का? आणि एका वेळी एकच धपाटं निघतं, तर चार माणसांचं जेवण वेळेत कसं बसवायचं?

ज्यांनी रानात असा स्वयंपाक केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सणाला अजून तीन आठवडे आहेत.

गोदाकाठ:

ताई, आधी तव्याचं. फोड आलेला नॉनस्टिक तवा स्वयंपाकाला वापरू नका. तो लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर तापला की खराब व्हायला लागतो, आणि खूप तापला तर त्याचा धूर छातीला त्रास देतो. तुराट्यांचा जाळ त्याच्या कितीतरी वर जातो. रिकामा तवा तापत ठेवला की हेच होतं, गॅसवरसुद्धा. चुलीसाठी साधा, लेप नसलेला ओतीव ॲल्युमिनियमचा टोस्टर घ्या. भांड्याच्या जुन्या दुकानांत अजून मिळतो. दांडे धातूचे आणि मूठ लाकडी असेल असा बघा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, म्हणून तोही भडकत्या जाळात खुपसायचा नाही, पण निखाऱ्यावर वर्षानुवर्षं टिकतो. एक लक्षात ठेवा: साध्या ॲल्युमिनियममध्ये चिंच, ताक, टोमॅटो घातलेलं काही साठवून ठेवू नका. भज्जी उरली तर स्टीलच्या डब्यात.

गॅसची शेगडी जरूर न्या, अण्णांच्या वेळेसाठी ती हाताशी हवीच. पण शेगडीला वाऱ्याचा आडोसा करताना गॅसचा डबा आडोशाच्या आत कोंडू नका, तो तापतो आणि फुटू शकतो. पहाटेच्या थंडीत ब्युटेनचा जोर कमी होतो. डबा रात्री तंबूत उशाशी ठेवा म्हणजे सकाळी चालेल. शेगडी मात्र तंबूत पेटवायची नाही, चहापुरतीसुद्धा नाही. बंद जागेत विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो.

बांधावरचा:

ताई, तुराट्यावर कुणी धपाटं भाजतं का! तुराटी अन् पऱ्हाटी भसकन पेटती अन् भसकन इझती. त्यो जाळ पाणी तापवायचा. तुमच्या बांधाला बाभळी हायत म्हणलाव ना, मग वाळलेलं बाभळीचं लाकूड घ्या, एक तास आधी पेटवा, जाळ बसू द्या. निखारा लाल होऊन वर पांढरी राख धरली की मग तवा. निखाऱ्यावर हात एक वीतभर उंच धरून बघा, चार-पाच आकडे मोजपर्यंत धरवला तर धपाट्याला बरोबर. दोन मोजायच्या आत हात काढावा लागला तर थांबा.

तवा निखाऱ्यात रोवू नका, दोन विटांवर आडवा ठेवा, दांडे बाहेर. बुडाला बाहेरून राख अन् माती कालवून लेप द्या, काजळी घासत बसावं लागत नाही. आमची माय अजून पातेल्याला देती.

अन् चूल कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडा. झोपायच्या आधी घागरभर पाणी ओतून, माती टाकून, हात लावून बघा. तुरी वाळायला आलेल्या असत्यात या दिवसांत.

परभणीची सुगरण:

ताई, धपाटं कच्चं राहण्याचं कारण जाडी आहे. उघड्या तव्यावर वाफ निघून जाते म्हणून आपण जाडसर थापलं तरी निभतं. मिटलेल्या तव्यात वाफ कोंडते, पीठ ओलं राहतं आणि धातूला चिकटलेली बाजू मात्र करपते. म्हणून पीठ घट्ट मळा आणि धपाटं पातळ थापा, दोन पोळ्यांच्या जाडीचं. मधोमध बोटानं भोक पाडा, तिथं तेल सोडा. तव्याच्या दोन्ही बाजूंना तेल. पहिली दोन मिनिटं मिटून, मग उलटून दोन मिनिटं, आणि शेवटी अर्धा मिनिट तवा थोडा उघडा ठेवून. ती शेवटची वाफ काढणं विसरलात तर धपाटं मऊ पडतं.

भाकरीचा हट्ट या तव्यात खरंच सोडा. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे एवढ्याशा जागेत ती उचलताना तुटणारच. त्याऐवजी ज्वारीची उकड काढून घरून न्या. उकळत्या पाण्यात पीठ घालून वाफ आणली की ते एकजीव होतं. तिथं फक्त लिंबाएवढा गोळा तेलाच्या हातानं थापायचा. आतपर्यंत शिजलेलंच असल्यामुळे कच्चं राहण्याची भीती नाही. संध्याकाळी काढलेली उकड सकाळपर्यंत ठेवू नका, त्याच जेवणाला संपवा.

सकाळसाठी मुगाच्या पिठाचं धिरडं. पीठ सैल कालवलंत तर बिजागरीकडून गळेल, म्हणून डोशापेक्षा दाट हवं. तवा उघडा ठेवून ओता, वरचा ओलेपणा गेला की मगच मिटा आणि उलटा. अंडी चालत असतील तर तीही याच रीतीनं. वांग्याच्या चकत्या तेल-मीठ-तिखट लावून मिटून ठेवा, सहा-सात मिनिटांत वाफेवर शिजतात. तेवढ्यात धपाट्याबरोबर भाजी झाली.

आणि सणानंतरच्या सकाळी उरलेले उंडे! कापून, तूप लावून याच तव्यात खरपूस भाजा, वरून शेंगदाण्याची चटणी. माझ्या माहेरी ते खायला आम्ही भावंडं मुद्दाम मुक्काम करायचो.

धागाकर्ती:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, कसे आभार मानू. काल लातूरच्या गंजगोलाई बाजारातून साधा ओतीव टोस्टर आणला, लाकडी मुठीचा. आज अंगणात बाभळीचे निखारे करून परत बसले. हात धरून आकडे मोजले. पहिलं धपाटं थोडं चिकटलं, तेल कमी पडलं होतं. दुसरं पूर्ण निघालं. आतपर्यंत शिजलेलं, कडेला कुरकुरीत. अण्णांनी अर्धं मोडून दह्याबरोबर खाल्लं आणि उरलेलं अर्धं मागून घेतलं.

चूलही त्यांच्या खुर्चीच्या उंचीची केली, विटांचे चार थर रचून. आता दांडा धरून तवा उलटायचं काम त्यांनीच घेतलंय. मला फक्त थापायचंय.

वेळेचं गणित अजून नीट बसत नाही. एका धपाट्याला पाच मिनिटं धरली तर आठ धपाट्यांना चाळीस. अण्णांचं पहिलं ताट आधी वाढलं तरी त्यांना एकट्यानं जेवायला आवडत नाही.

परभणीची सुगरण:

मग असं करा. सहा धपाटी घरी दोन्ही बाजूंनी अर्धवट शेकून, गार करून, सुती फडक्यात बांधून न्या. तिथं एकेकाला मिनिटभर पुरेल. दोन मात्र ताजी करा, पहिलं अण्णांचं आणि शेवटचं तुमचं.

बांधावरचा:

अन् हुरडा आला असला तर एक गोवरी जास्त न्या. अण्णांना कणसं भाजायला द्या, त्यांचा हात बसलेला हाय. जेवण होईस्तोवर पोरांच्या हाताला काम बी मिळंल, कणसं चोळायचं.

धागाकर्ती:

हुरडा आलाय. बांधाकडच्या दोन ओळी अण्णांनी राखून ठेवायला सांगितल्यात, आजच सालगड्याला फोन करून.