जारचं पाणी, पाचवा महिना आणि हार्मोन्स: कुणी नीट सांगेल का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूरचा. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या घरात वीस लिटरचा जार शिरला. पुढे पाऊस झाला, नळाला पाणी सुटू लागलं, पण जार काही गेला नाही. प्यायला तोच.

बायकोला पाचवा महिना लागलाय. परवा मेव्हणी आली होती, तिनं सांगितलं की या जारच्या प्लास्टिकमधून बाईच्या हार्मोनसारखं काहीतरी पाण्यात उतरतं आणि ते पोटातल्या बाळाला चांगलं नाही. रात्री जार रिकामा झाल्यावर ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. नवा असतो तेव्हा निळा, काचेसारखा लख्ख. आमचा पोटाशी पांढुरका पडलाय, तळाला केसासारख्या बारीक चिरा गेल्यात. खाली त्रिकोणात 7 आकडा आहे. टेम्पो भर दुपारी फिरतो, वर ताडपत्रीसुद्धा नसते.

दुसरं असं की आमच्या वडिलांनी तुरीवर अळीसाठी कित्येक वर्षं एन्डोसल्फान मारलं. पाठीवर पंप, तोंडाला फार तर उपरणं. हार्मोन बिघडवणाऱ्या रसायनांच्या यादीत त्याचंही नाव वाचलं. म्हणजे माझ्यात आधीच काही उतरलं असेल का? उगाच घाबरवू नका, पण खोटा धीरही देऊ नका. खरं काय ते सांगा.

ओपीडी_दुपारची

दादा, आधी वहिनींना शांत झोपू द्या. तुम्ही म्हणताय ते बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. ते शरीरात साठून राहत नाही. साधारण सहा तासांत निम्मं लघवीवाटे निघून जातं. पाण्यात उतरतं तेही अगदी थोडं. लोहाच्या गोळ्या वेळेवर घेतात का, रक्त किती आहे, रक्तदाब किती आहे, हे मी आधी विचारीन. लातूरच्या उन्हात पाणी कमी पिणं जास्त वाईट, हे लक्षात ठेवा.

सुमेधा क.

डॉक्टरांचं लोहाच्या गोळ्यांचं आणि पाण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. "अगदी थोडं" या शब्दांपाशी मात्र मला थांबावं लागेल, कारण माझी नोकरीची अकरा वर्षं त्या दोन शब्दांमागे गेली. मी विषशास्त्रातली. झेब्राफिश नावाच्या बोटाच्या पेराएवढ्या माशांवर काम केलं.

एक प्रसंग सांगते. नर माशांचे दोन गट होते, एकाच्या पाण्यात तपासायचं रसायन, दुसऱ्याच्या पाण्यात काहीच नाही. मादीच्या यकृतात अंड्याच्या बलकासाठी एक प्रथिन तयार होतं. त्याचं जनुक नरातही असतं, पण झोपलेलं. इस्ट्रोजेन, म्हणजे बाईचं मुख्य हार्मोन, मिळालं तरच जागं होतं. आमच्या "काहीच नाही" गटातल्या नरांच्या यकृतात ते प्रथिन भरभरून सापडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाणी तपासलं, खाद्य बदललं, मासे बदलले. सहा आठवडे गेले. शेवटी मोरीपाशी उभी असताना टाक्या धुण्याचा कॅन दिसला. नेहमीचा साबण संपला म्हणून मीच बाजारातून स्वस्तातला आणला होता. त्यात नोनिलफिनॉलच्या जातीचा फेस आणणारा घटक होता, आणि टाकी विसळूनही काचेला जो अंश राहिला तेवढा त्या माशांना पुरला. वास नाही, रंग नाही, एकही मासा मेला नाही. त्या दिवशी मी मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिले. घरी आले तेव्हा मुलगी पेल्यातून दूध पीत होती, आणि तो पेला कशानं घासला होता हेच मनात येत राहिलं.

या शास्त्रातल्या दोन मोठ्या गोष्टी अशाच, नियंत्रण गट (ज्याला काहीच द्यायचं नसतं तो) बिघडल्यामुळे कळल्या. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोतो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवत होते. या पेशी इस्ट्रोजेन मिळालं तरच झपाट्यानं वाढतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस न घालताही वाढू लागल्या. संशय येत येत शेवटी प्लास्टिकच्या नळ्यांवर आला. कंपनीनं प्लास्टिकची कृती बदलली होती, पण काय बदललं ते सांगेना. मग यांनीच नळीतून ते रसायन वेगळं काढलं. नोनिलफिनॉल. 1991 मध्ये ते छापून आलं.

दुसरी गोष्ट थेट तुमच्या जारची आहे, मांजराकाठ. क्लीव्हलंडला पॅट्रिशिया हंट उंदरांच्या बीजांडांवर काम करत होत्या. 1998 मध्ये एकाएकी, काहीही न दिलेल्या माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांचे घोळ दिसू लागले. एरवी शंभरात एखाद-दुसरं बीजांड असं निघतं, तिथे चाळीस टक्के. कारण काय निघालं? बदली कामगारानं उंदरांचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या नेहमीच्या ऐवजी फरशीच्या तीव्र साबणानं धुतल्या होत्या. पिंजरे पॉलिकार्बोनेटचे, म्हणजे बीपीएपासून बनवलेल्या कडक प्लास्टिकचे. ते पांढुरके पडले, चिरा गेल्या आणि त्यातून बीपीए झिरपू लागलं. मुद्दाम तसंच करून पुन्हा पडताळायला त्यांना काही वर्षं लागली, 2003 मध्ये निबंध आला. तुमच्या जारवरचा 7 आकडा म्हणजे बहुधा पॉलिकार्बोनेटच (7 म्हणजे "इतर", पण स्वच्छ काचेसारखा, कडक, वीस लिटरचा जार असेल तर तेच). ट्यूबलाइटसमोर तुम्ही जो दुधाळपणा पाहिलात, तो हंटबाईंच्या पिंजऱ्यांना आला होता तोच.

आता "थोडं" म्हणजे किती. गरोदर नसलेल्या बाईच्या एक मिलिलिटर रक्तात इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) काही दहा ते काहीशे पिकोग्रॅम असतं. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. शरीर एवढ्याशा इशाऱ्यावर चालतं. बीपीए इस्ट्रोजेनपेक्षा कितीतरी दुबळं आहे हे खरं, पण आर्सेनिक मोजायच्या मापानं ते मोजता येत नाही. दुप्पट मात्रेला दुप्पट परिणाम असा हिशोब इथे नेहमी लागत नाही. मात्रेइतकीच वेळ महत्त्वाची असते. पोटातलं बाळ अवयव घडवत असतं, तेव्हाचा चुकीचा निरोप पुढे पुसता येत नाही.

याचा सगळ्यात दुःखद पुरावा बायकांनीच दिलाय. लंडनच्या एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी 1936 मध्ये दाखवलं की बीपीए इस्ट्रोजेनसारखं वागतं. म्हणजे प्लास्टिकमध्ये जाण्याच्या आधीच ते माहीत होतं! दोन वर्षांनी त्यांच्याच हातून डीईएस हे जास्त जोरकस कृत्रिम इस्ट्रोजेन तयार झालं, आणि अमेरिकेत ते गर्भपात टळावा म्हणून लाखो गर्भारणींना दिलं गेलं. आयांना तेव्हा काही जाणवलं नाही. 1971 मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी आठ तरुण मुलींचा अहवाल दिला. योनिमार्गाचा अतिशय दुर्मिळ कर्करोग. आठपैकी सातजणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. जारचं पाणी म्हणजे डीईएस नव्हे, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण आई ठणठणीत म्हणून बाळाची काळजी नको, हे गृहीतक तिथे कायमचं मोडलं.

आजच्या तज्ज्ञांचं एकमत आहे का? नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2023 मध्ये बीपीएची सुरक्षित दैनिक मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली, वजनाच्या किलोमागे 0.2 नॅनोग्रॅम. जर्मनीच्या सरकारी संस्थेला ते पटलं नाही, त्यांनी 200 नॅनोग्रॅम धरली. भांडण हजारपटीचं आहे. तरी जुन्या 4,000 नॅनोग्रॅमच्या खाली दोघंही आले, आणि 2024 च्या अखेरीस युरोपनं अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीए बंद करायचं ठरवलं. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटलीतून पॉलिकार्बोनेट 2015 च्या मानकानं गेलंच आहे. आई ज्यातून पाणी पिते त्या जारचं काय, हा प्रश्न मला अजून पडलाय.

करायचं काय: पांढुरका जार परत करा, नवा मागा. आला की लगेच माठात किंवा स्टीलच्या पिंपात ओता, जारमध्ये दिवस-दिवस ठेवू नका. गरम, तेलकट, आंबट असं काही प्लास्टिकमध्ये नको. ऊन, उष्णता आणि ओरखडे या तिन्हींनी झिरपणं वाढतं. आणि डॉक्टर म्हणाले तसं बीपीए लवकर निघून जातं. म्हणून तर आज बदल केला तर आठवड्याच्या आत फरक पडतो. ही चांगली बातमी आहे, वहिनींना हीच सांगा.

वडिलांचं. एन्डोसल्फान डीडीटीसारखं अंगात वर्षानुवर्षं मुरत नाही, म्हणून आज तुमच्यात ते शोधत बसू नका. पण तुमची शंका वेडी नाही. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर ते हेलिकॉप्टरनं फवारलं जायचं, वीसेक वर्षं. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या हबीबुल्ला सय्यद आणि सहकाऱ्यांनी तिथल्या पड्रे गावातले 117 मुलगे तपासले, तुलनेला दुसऱ्या गावातले 90. पड्रेच्या मुलांत वयात येणं लांबलेलं दिसलं. 2003 मध्ये हे प्रसिद्ध झालं, आणि सर्वोच्च न्यायालयानं देशभर बंदी घातली ती 13 मे 2011 ला. मधली आठ वर्षं तुमच्या वडिलांसारखी माणसं पंप पाठीवर घेऊन तुरीत चालतच होती. याचा मला आजही राग येतो.

बार्शीचा जारवाला

माझा प्लांट आहे, म्हणून लिहितो. ताई म्हणतात ते धुण्याचं खरं आहे. पॉलिकार्बोनेटचा जार महाग, पण गरम पाणी सोसतो, वर्षानुवर्षं फिरतो. पेट नावाच्या प्लास्टिकचा, खाली 1 आकडा असतो, तो स्वस्त पण गरम पाण्यात आकसतो, म्हणून बरेच जण घेत नाहीत. आतून शेवाळ धरलं की पोरं ब्रशनं खरवडतात, तिथेच चिरा पडतात. जार कधी बाद करायचा हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. गळायला लागला की बाद, एवढंच माहीत. त्या उंदरांचं वाचून आज पन्नास जार उजेडात धरून पाहिले. एकोणीस बाजूला काढले. पेटमध्येही असलं काही असतं का ताई? त्याच्या नावात थॅलेट येतं म्हणून विचारतो.

सुमेधा क.

एकोणीस! दादा, मनापासून आभार. पेटमध्ये बीपीए नसतं. नावातला टेरेफ्थॅलेट आणि मऊ प्लास्टिकमध्ये घालतात ते बदनाम फ्थॅलेट ही वेगळी रसायनं आहेत. गार पाण्यानं धुवा, उन्हात ठेवू नका, आणि टेम्पोवर ताडपत्री टाका.

मांजराकाठ, वहिनी नोकरी करतात का? कुठे?

मांजराकाठ

माठ आणला आजच. जार बदलून दिला, थोडी कुरकुर केली.

ती कापड दुकानात बिलाच्या काउंटरला असते. दहा ते सात. लग्नसराईत दिवसाला दोन-अडीचशे पावत्या फाडते. का हो?

सुमेधा क.

हेच विचारायचं होतं. ती गुळगुळीत पावती शाईनं छापत नाहीत. उष्णतेनं कागदावरचा लेपच काळा पडतो. नखानं ओढून बघा, काळी रेघ उठली तर थर्मल कागद. त्या लेपात बीपीए किंवा त्याचा भाऊ बीपीएस सुटा असतो, प्लास्टिकमधल्यासारखा साखळीत बांधलेला नसतो, त्यामुळे बोटाला सहज लागतो. युरोपनं 2020 पासून पावतीच्या कागदात बीपीएवर कडक मर्यादा आणली. सॅनिटायझर किंवा क्रीम लावलेल्या ओल्या हातानं पावती धरली तर ते कातडीतून कितीतरी जास्त आत जातं. तुमच्या जारपेक्षा मला या काउंटरची काळजी जास्त वाटते.

जेवणाआधी साबणानं हात धुवायचे. सॅनिटायझर लावून लगेच पावती नाही. रोल बदलायचं काम दुसऱ्यानं करावं. मालक ऐकणारे असतील तर मोबाइलवर बिल पाठवायला सुरुवात करा, नाहीतर फिनॉल (बीपीए, बीपीएस ज्या जातीचे ती रसायनं) नसलेला रोल मिळतो तो मागवा. नुसतं "बीपीएमुक्त" लिहिलेलं चालणार नाही, त्यात बहुधा बीपीएस असतं.

मांजराकाठ

नखानं ओढलं. काळी रेघ उठली.

शेठशी बोललो, माणूस चांगला आहे. म्हणाले, बाळंतपण होईपर्यंत तिला साडी विभागात बसवतो, काउंटरला दुसरी मुलगी घेतो.

सुमेधा क.

वहिनींपुरतं झालं, बरं वाटलं. पण ती दुसरी मुलगी किती वर्षांची आहे?

मांजराकाठ

एकवीस. गेल्या महिन्यात लग्न झालंय तिचं. उद्या रोलबद्दल परत बोलतो शेठशी.