अनुभव धागा : टॅबमध्ये पिक्चर भरून द्यायचे दिवस

माळ्यावरची_मनी

काल माळा काढला गणपतीच्या आधी, तर साड्यांच्या पिशवीत आईचा टॅब निघाला. सात इंची, मरून कव्हर, त्याला तिचा केसांचा रबर गुंडाळलेला. सहज चार्जिंगला लावला, अर्ध्या तासाने बॅटरीचं चित्र आलं आणि मग चक्क चालू झाला. तारीख भलतीच कुठलीतरी. प्लेअर उघडून एका पिक्चरवर बोट ठेवलं तर त्याने विचारलं, थांबलात तिथून पुढे की पहिल्यापासून? १ तास १२ मिनिटं. मी बंदच केला.

२०१४ ते १६ आईचं डायलिसिस चालू होतं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. डाव्या हाताला फिस्टुला (सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली शीर), तो हात हलवायचा नाही, म्हणून उजव्या हाताने टॅब पोटावर उभा धरायची. तिथल्या टीव्हीवर सदानकदा बातम्या. मग रविवारी रात्री जेवणं आवरली की मी लॅपटॉपला टॅब लावून आठवड्याचे पिक्चर भरायचे. मुख्यतः अशोक सराफ आणि लक्ष्या, मधूनच एखादा राजेश खन्ना. चार तासांना एक पिक्चर कमी पडतो आणि दोन पुरून उरतात, त्यामुळे अर्धा कायम पुढच्या वेळेला.

एकदा सगळे पिक्चर बिनआवाजाचे गेले. मला तीन दिवसांनी कळलं तेही शेजारच्या बेडवरच्या काकांकडून. आईला विचारलं, अगं सांगितलं का नाहीस? तर म्हणे, तू ऑफिसातून दमून येतेस, आणि आवाज नसला तरी कळतंय की सगळं.

तुमच्यापैकी कुणी असे पिक्चर भरून दिलेत का कुणाला? फजितीचे किस्से पण चालतील, नव्हे तेच सांगा, मला जरा हसायचंय.

घाटावरचा_गडी

आवाज नसला तरी कळतंय... काय बोलायचं आता यावर.

बरं ते आवाजाचं कोडं सांगून टाकतो. फाइल एमकेव्ही प्रकारची असणार आणि आतला आवाज एसी-थ्री नाहीतर डीटीएस पद्धतीने भरलेला. त्याच सुमारास सगळ्यांच्या लाडक्या एका प्लेअरने लायसन्सच्या भानगडीमुळे हे आवाज काढून टाकले. चित्र पळायचं, माणसं तोंड हलवायची. मग कोडेकची, म्हणजे तो आवाज उलगडून देणारी फाइल वेगळी उतरवून बसवावी लागायची. मी तेव्हा अर्ध्या गल्लीला बसवून दिली, एकाने तरी चहा पाजला असेल तर शपथ.

रात्रपाळी

मी डायलिसिसलाच आहे, बावीस वर्षं झाली. टॅबवाले पेशंट आम्हाला आवडायचे, शांत असायचे. फक्त एक होतं, पिक्चर बघता बघता डोळे मिटले की आम्ही आधी बीपी बघायला धावायचो. झोप लागलीय की बीपी पडलंय ते लांबून कळत नाही ना. एक आजोबा डोळे मिटूनच ओरडायचे "अगं ऐकतोय मी, गाणं चालू आहे!"

आता सगळे रील बघतात. इअरफोन लावा म्हणून रोज भांडण.

बोटीवरचा_मिस्त्री

धागा वाचून राहवलं नाही. मर्चंट नेव्हीत होतो. २०११-१२ ला बोटीवर इंटरनेट म्हणजे कार्ड घेऊन मोजून मिनिटं, घरी दोन ओळी लिहायच्या आणि बंद. त्यामुळे नवा माणूस जहाजावर चढला की त्याला पहिला प्रश्न नाव गाव नाही, "हार्डडिस्क आणलीस का?" एक टीबी भरून आणलेल्या पोराला कॅप्टनपेक्षा जास्त मान, खोटं नाही सांगत.

माझा दहा इंची टॅब होता. केबिनमध्ये बंकवर आडवं पडून बघायचं सुख. एकदा एका मोठ्या पिक्चरची फाइल कार्डवर जाईचना. कार्डात ११ जीबी मोकळे, फाइल साडेचार, आणि कॉम्प्युटर म्हणतोय फाइल फार मोठी आहे. अरे ११ मध्ये साडेचार बसत नाही होय? सेकंड इंजिनियर शहाणा, तो म्हणाला कार्ड फॅट-३२ आहे, म्हणजे फाइली ठेवायची जुनी पद्धत, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर मावतच नाही, मोकळी जागा कितीही असू दे. कार्ड पुसून एक्सफॅट या नव्या पद्धतीला फॉर्मॅट मार. मारलं.

मारल्यावर आठवलं की त्याच कार्डात मुलीच्या बारशाचे फोटो होते.

आणि वर मजा म्हणजे माझ्या टॅबला एक्सफॅट वाचताच येत नव्हतं. परत फॅट-३२. म्हणजे फोटोही गेले आणि पिक्चरही नाही. बायकोला अजून सांगितलेलं नाही, तिला वाटतं कार्ड समुद्रात पडलं. (ती इथे वाचत नसावी.)

कांदेपोहे_आणि_मी

मिस्त्रीकाका ती नक्की वाचत असणार, बायका सगळं वाचतात :)

माझं सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

तिसरी_शिट्टी

@कांदेपोहे कुकरवरून आठवलं, दुधीच्या थालीपिठाचं तुम्ही लिहिणार होतात त्या दिवशी. दुधी किसून पिळायचा का पाण्यासकट?

रत्नांग्रीचो

आमचा अनुभव म्हणजे कोकण रेल्वे. रोहा सोडलं की डोंगर आणि बोगदे सुरू, एकूण नव्वदच्या वर आहेत. उक्षीच्या इकडचा करबुडेचा एकटाच साडेसहा किलोमीटर. त्यात रेंज कसली शोधता? म्हणून मांडवी एक्सप्रेसने निघायच्या आदल्या रात्री दोन्ही पोरांसाठी टॅबमध्ये कार्टून भरणे हा कार्यक्रम. भाच्याला एकदा मी घाईत भरून दिलं आणि टॅब केबलवरून उपटला. कॉपी संपली असं वाटलं हो! शेवटचं एक मिनिट राहिलं होतं, आणि ते एक मिनिट कॉम्प्युटर पाच मिनिटं दाखवतो हे सगळ्यांना माहीतच आहे. गाडीत चिपळूणला पोराने लावलं तर फाइल दिसते पण उघडत नाही. मडगावपर्यंत मला "मामा तू खोटारडा" ऐकावं लागलं. डबल सीट काढून बसलेल्या एका काकूंनी त्याला उकडीचे शेंगदाणे दिले तेव्हा गप्प झाला.

नागपुरी_संत्रं

बाप्पा, खूप हसले मी. रत्नांग्रीचो भाऊ, डबल सीट काढून म्हणजे?

रत्नांग्रीचो

म्हणजे एकट्याच दोघांच्या जागेत बसल्या होत्या. मीच केलेला शब्द आहे, कौतुक नको.

शंकेखोर

सगळं छान आहे पण हे सगळे पिक्चर विकत घेतलेले होते का? सहज विचारतोय.

घाटावरचा_गडी

आले बघा पोलीस.

सीडीवाला_दादा

नाही नाही, प्रश्न बरोबर आहे आणि माझ्याकडे उत्तरही आहे. माझं दुकान होतं स्टँडसमोर. २००७ च्या सुमारास मोजर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ ला आणली तेव्हा लोकांनी ओरिजिनल घेतल्या हो, वडापाव आणि चहाच्या हिशोबात बसायची. पुढे टॅब आले तशी तीच गिऱ्हाईकं तबकडी घेऊन परत आली, "दादा, हे यात टाकून द्या." व्हीसीडीत आत एक फोल्डर असतो, त्यात डॅट नावाची मोठी फाइल. ती कॉम्प्युटरवर उतरवायची आणि शेपटीला डॅट काढून एमपीजी लिहायचं, बहुतेक प्लेअर मुकाट्याने चालवतात. पिक्चरच्या दोन सीड्या असायच्या, मध्यंतर बरोबर तिथे. त्यामुळे टॅबवर पहिली फाइल संपली की म्हातारी माणसं समजायची पिक्चर संपला! एक आजी मला म्हणाल्या, "चांगला होता, पण शेवटी त्याचं लग्न झालं का नाही ते दाखवलंच नाही." त्यांना दुसरी फाइल लावून दिली तर हरखल्या.

दुकान आता नाही. मोबाईल कव्हरं विकतो.

तिसरी_शिट्टी

दादा :(( आमच्या गावात पण असंच झालं.

(दुधीचं कुणी सांगेल का)

दूरदेशी_राहणारी

मी अमेरिकेत एडिसनला असते. २०१५ ला लेक तीन वर्षांची, मुंबईहून नेवार्क सोळा तासांचं विमान, एकटी मी. आयपॅडवर नुसती फाइल ओढून टाकता येत नाही हे मला आदल्या रात्री अकरा वाजता कळलं. भावाच्या कॉम्प्युटरला जोडलं तर तो म्हणे हा आयपॅड दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडलेला आहे, इथे सिंक करायचं तर आधीचं सगळं पुसावं लागेल. मी झोपेत हो दाबणारच होते, भावाने हात धरला अक्षरशः.

मग त्याने व्हीएलसी नावाचं प्लेअरचं ॲप टाकलं, त्यात वाय-फायचं बटण आहे, दाबलं की एक पत्ता येतो, तो कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये लिहायचा आणि तिथे फाइल आणून टाकायची. केबल नाही काही नाही. हे व्हीएलसीसुद्धा २०११ च्या जानेवारीत ॲपलच्या स्टोअरमधून गेलं होतं ते २०१३ च्या जुलैत परत आलं, म्हणजे माझं नशीब बरं. रात्री दीडपर्यंत दोघं जमिनीवर बसून टक्के मोजत होतो. आईने मधेच मऊभात आणून दिला दोघांना एका ताटलीत. भाऊ आता पर्थला, मी इथे, तसं बसणं परत झालं नाही.

लेक? विमानात पहिल्या वीस मिनिटांत झोपली ती थेट उतरताना उठली. एकही कार्टून बघितलं नाही. मीच बघितली सगळी.

रात्रपाळी

हाहाहा शेवट भारी.

लग्नाची_कॅसेट

माझं थोडं वेगळं आहे, पिक्चर नाही, पण आमच्यासाठी पिक्चरच. आईबाबांचं लग्न १९८९, शूटिंगची व्हीएचएस कॅसेट. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना ती बघायची होती. व्हीसीआर मिळवण्यापासून सुरुवात, शेवटी सांगलीच्या एका ओळखीच्या शूटिंगवाल्याकडे मिळाला. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर जितक्या वेळाची तितकाच वेळ लागतो, पळवता येत नाही. तीन तास मी त्याच्या दुकानात स्टुलावर. मधेच टेप अडकली, त्याने झाकण उघडून व्हीसीआरच्या हेडवर स्पिरिटचा बोळा फिरवला, माझा जीव खालीवर.

मग ती फाइल टॅबला. आजोबांच्या उशीला टेकवून लावली. त्यात ते जुने इफेक्ट, आईचा चेहरा बदामात, बाबा विड्याच्या पानातून बाहेर येतात. आजोबांना त्याचं काहीच नाही. ते पंगतीवर थांबवायला सांगायचे आणि एकेकावर बोट ठेवायचे. हा गेला. ही गेली. हा आहे अजून, पलूसला असतो. बोट लागलं की पिक्चर पुढे पळायचा आणि मी परत मागे आणायचो. तीन तासांच्या कॅसेटमधली पंगतीची चारच मिनिटं, पण रोज तीच बघितली.

माळ्यावरची_मनी

किती छान लिहिताय सगळे. @लग्नाची_कॅसेट, वाचून उठले आणि परत येऊन वाचलं.

एक मदत हवी. टॅब चालू होतो पण लॅपटॉपला जोडला तर नुसता चार्ज होतो, कॉम्प्युटरमध्ये दिसतच नाही. आईने त्यात आवाज रेकॉर्ड करून ठेवले असतील असं वाटतंय, तिला ते बटण सापडलं होतं. किराणा यादी बोलून ठेवायची.

घाटावरचा_गडी

केबल कुठली लावलीये? बऱ्याच स्वस्तातल्या केबलींत नुसत्या चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. दुसरी लावून बघा. मग टॅबवर वरून बोट ओढा, यूएसबीचं नोटिफिकेशन येईल, तिथे मीडिया डिव्हाइस निवडा. स्क्रीनचं लॉक पण काढलेलं पाहिजे. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत मिळेल जुन्या पिनची.

बोटीवरचा_मिस्त्री

आणि टॅब पाठीमागून फुगलाय का बघा आधी. इतकी वर्षं पडून असलेली बॅटरी फुगते. फुगला असेल तर चार्जिंग ताबडतोब बंद, दाबायचा नाही, दुकानात न्या. आणि काहीही करा, फॉर्मॅट मारू नका. माझं ऐका.

माळ्यावरची_मनी

फुगलेला नाहीये, टेबलावर सपाट बसतो. केबल खरंच तसलीच निघाली, मुलाच्या पंख्याची होती! कॅमेऱ्याच्या डब्यात जुनी सापडली, दिसायला लागला. रेकॉर्डिंगचा फोल्डर आहे, सात फाइली. लॅपटॉपवर ओढल्यात. पहिली अकरा सेकंदांची आहे. ऐकली, "साबुदाणा अर्धा किलो, आणि तो शेंगदाणा जाड नको", मागे त्या मशीनची पीप पीप.

बाकीच्या नंतर ऐकेन.

रात्रपाळी

सावकाश ऐक गं. दोन ठिकाणी कॉपी ठेव.

कांदेपोहे_आणि_मी

आले. दुधी पिळायचा नाही, त्याच पाण्यात पीठ भिजवायचं, वरून पाणी लागतच नाही. आणि मनी, तुझ्या आईचं बरोबर आहे, साबुदाण्याच्या खिचडीला जाड दाणा नकोच, कूट तेलकट होतं.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे तर जाडच घेतात ना बाप्पा, यावर वेगळा धागा काढा.