फाशी रोगाने (अँथ्रॅक्स) बैल मेला, त्या जागेची माती साफ कशी करायची?

संत्रावाला_काटोलरोड
राम राम मंडळी. आमचं वावर काटोल रोडनं, नागपूरहून तीसेक किलोमीटर, काळी कन्हार जमीन, कपाशी-तूर आन् एका कोपऱ्यात संत्रा. पोळ्याच्या चार दिवस आधी जोडीतला डावा बैल गेला. रात्री कुटार खाऊन बसला होता, सकाळी पाहतो तर बाभळीखाली आडवा, पोट टम्म फुगलेलं आन् नाकातून काळं रक्त, डांबरासारखं, गोठूनच नव्हतं राहिलं. आम्हाला वाटलं पान लागलं (साप). मंग काय, मागच्या पायाला दोर बांधला आन् ट्रॅक्टरनं ओढत नाल्याकडे नेलं, चाळीस-पन्नास पावलं असंल, पूर्ण रस्ताभर रक्ताची रेघ. तिथं एकानं कातडं काढाले सुरी लावलीच होती तेवढ्यात डॉक्टर पोचले, असे ओरडले का बस. कानाच्या टोकाचं रक्त काचेवर घेतलं, तपासून सांगितलं फाशी आहे. मंग सहा फूट खड्डा खणून चुना टाकून पुरला. गावातल्या ढोरांना लस पण झाली.

आता प्रश्न मातीचा. बाभळीखाली अंदाजे 10 बाय 12 फूट जागा, ती ओढल्याची रेघ आन् सुरी लावली तिथला तुकडा. हरभरा पेरायचा आहे. रोटाव्हेटर मारून माती उलटीपालटी केली तर उन्हानं जंतू मरतील का? नाहीतर मे महिन्यात प्लास्टिक अंथरून माती तापवू, नर्सरीत करतो तसं. आपल्याकडचं ऊन म्हणजे 46 डिग्री, त्यात कोणता जंतू टिकते?

पोट्टा_हिंगण्याचा
भाऊ ब्लीचिंग पावडर मारा पोतंभर, वरून चुना. आमच्याकडे मेलेल्या ढोराच्या जागी तेच करतात, विषय संपला.

निवृत्त_ढोरडॉक्टर
विषय संपत नाही म्हणून तर लिहून राहिलो. भाऊ, आधी रोटाव्हेटरचा विचार डोक्यातून काढा. बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, तेवढं वाचा.

फाशी म्हणजे अँथ्रॅक्स, माणसात यालाच काळपुळी म्हणतात. हा जंतू ढोराच्या रक्तात असतो तेव्हा नाजूक असतो, ढोर न फाडता तसंच राहिलं तर आतल्या सडण्यानेच चार दिवसांत मरतो. पण रक्त बाहेर पडलं, हवा लागली की तो स्वतःभोवती कवच करून बसतो, त्याला आम्ही स्पोअर म्हणतो. मग त्याला ना खायला लागत ना पाणी लागत, बसून राहतो, वर्षं नाही, दशकं. म्हणून तर तुमचे डॉक्टर सुरी पाहून ओरडले. फाशीचा संशय असला की शवविच्छेदनसुद्धा करत नाहीत, कानातलं थेंबभर रक्त पुरतं.

ब्लीचिंगबद्दल: फरशीवर, भांड्यावर, गमबुटावर ठीक. काळ्या मातीत काडीकचरा, शेण, ह्यूमस इतकं असतं की क्लोरीन त्याच्याशीच भांडून संपतो, स्पोअरपर्यंत पोचतच नाही.

चुन्याबद्दल मी स्वतः तीस वर्षं शेतकऱ्यांना चुना टाका म्हणत आलो, कारण आम्हाला तेच शिकवलं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत उलटं आहे, फाशीत चुना टाळा, कॅल्शियममुळे स्पोअर जास्त टिकण्याची शक्यता असते. त्यांची पहिली पसंती जाळण्याला आहे. आता भर पावसात ओला बैल जाळायला किती लाकूड लागतं हे ज्यानं जाळलाय त्यालाच माहीत, त्यामुळे पुरला ते पुरला, आता उकरू नका. नवीन चुना मात्र टाकू नका.

आणि तुमची जमीन कन्हार, म्हणजे आधीच चुनखडीची आणि अल्कली. फाशीला नेमकी अशीच जमीन मानवते. त्यात पावसाचं पाणी जिथं साचतं तिथं स्पोअर वाहत येऊन गोळा होतात. तुमचा नाल्याकडचा तुकडा म्हणूनच मला बाभळीपेक्षा जास्त खटकतो.

माती_परीक्षण
उन्हाचं मी सांगते, मी कृषीची आहे. दादा, प्लास्टिकखाली वरची दोन-तीन इंच माती फार तर 50-55 डिग्रीला जाते. त्यात रोप कोलमडवणारी बुरशी मरते, सूत्रकृमी कमी होतात, नर्सरीला तेवढं बस आहे. स्पोअर पाणी खळखळ उकळलं तरी काही मिनिटं काढतो, हॉस्पिटलमध्ये ऑटोक्लेव्हला 121 डिग्रीची दाबाखालची वाफ पंधरा मिनिटं देतात ती याच जातीच्या जंतूंसाठी. आपलं मे महिन्याचं ऊन त्याच्यापुढे काहीच नाही, आपणच मरू आधी.

जमीन खरंच साफ केल्याचं उदाहरण हवं तर स्कॉटलंडजवळचं ग्रुइनार्ड बेट. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ब्रिटिशांनी तिथं मेंढ्यांवर अँथ्रॅक्सची चाचणी केली आणि मग चाळीसेक वर्षं बेटावर पाय ठेवायची सोय राहिली नाही. 1986 मध्ये 280 टन फॉर्मल्डिहाइड (जंतू मारणारं रसायन, पाण्यात विरघळलं की फॉर्मलीन) 2000 टन समुद्राच्या पाण्यात मिसळून जमिनीत मुरवलं, दर चौरस मीटरला 50 लिटर! सर्वात खराब जागेची वरची माती खरवडून नेली, मग मेंढ्या सोडून पाहिल्या, आणि 1990 मध्ये कुठे धोक्याच्या पाट्या काढल्या. सरकार होतं, बेट होतं, आजूबाजूला कोणाची विहीर नव्हती.

तुमची 10 बाय 12 म्हणजे 11 चौरस मीटर, त्या हिशोबाने साडेपाचशे लिटर द्रावण फक्त बाभळीखाली. बोअर किती लांब आहे?

संत्रावाला_काटोलरोड
बोअर बाभळीपासून तीस फुटावर, आन् तेच पाणी घरी पितो. मंग फॉर्मलीन तर बादच समजा ना?

निवृत्त_ढोरडॉक्टर
स्वतःच्या हाताने तर बादच. डोळे-छाती जाळतं ते, आणि कॅन्सर करणारं रसायन आहे. सुरी लावली तिथली रक्ताळलेली माती फार नसेल, डब्बाभर खोलीची चकती, तेवढी पशुसंवर्धनवाल्यांसमोर 5 टक्के फॉर्मल्डिहाइडने भिजवता येते किंवा 15-20 सेंटिमीटर खोल काढून जाळता येते. पण त्यांना बोलवा, बोअरचं सांगा, ते येऊन पाहतील मग ठरवतील. कळवायचंच असतं तसंही, 2009 च्या प्राण्यांच्या साथरोग कायद्याप्रमाणे फाशीची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यांना वेळ लागला तर नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा, सेमिनरी हिल्सला.

बाकी जागेचं साफ करणं विसरा आणि ढोराचं तोंड तिथं पोचणार नाही एवढंच पहा. बाभळीखाली, रेघेवर आणि पुरलं त्या जागेवर काट्या लावा. तिथलं गवत कापून घालू नका, वाळवून तर अजिबात नको. बैल ज्या कुटारावर मेला ते उरलेलं जाळा, दोर जाळा. ढोर जमिनीलगत चरतं, मातीसकट गवत ओढतं, काटा-धांड्याने तोंडात ओरखडा असतोच, तिथून शिरतो. पाश्चरनेच 1880 च्या सुमारास सांगितलं होतं की पुरलेल्या ढोराच्या जागेवरून गांडुळं स्पोअर वर आणतात, म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी लस. एक वर्ष चुकवली की समजा बाभळीनं वाट पाहिली.

आणि लस झालेल्या ढोराला लगेच पेनिसिलीन टोचू नका कोणी सांगितलं तरी. लस जिवंत आहे, औषध लसीलाच मारून टाकतं.

संत्रावाला_काटोलरोड
समजलं डॉक्टरसाहेब. पाव एकरही जाणार नाही, सोडतो तेवढं. गाईचं दूध चालू आहे, ती ठणठणीत आहे, ताप नाही.
एक विचारायचं राहिलं. ज्यानं सुरी लावली त्याच्या मनगटावर फोड आला आहे, चार-पाच दिवस झाले. आधी डास चावल्यासारखा, आता मधोमध काळी खपली आन् आजूबाजूला सूज. म्हणते दुखत नाही काही, म्हणून दवाखान्यात गेला नाही.

निवृत्त_ढोरडॉक्टर
हे शेवटी लिहिता का भाऊ!! हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं. दुखत नाही हीच तर खूण आहे, काळपुळी दुखत नाही. आज, आत्ता, मेडिकलला नाहीतर मेयोला (नागपूरचे सरकारी दवाखाने) घेऊन जा आणि कागदावर लिहून द्या की फाशीचा बैल होता, नाहीतर साधं गळू समजून चिरा मारतील, ते अजिबात नको. वेळेत अँटिबायोटिक सुरू झालं तर माणूस बरा होतो, नाही झालं तर शंभरातले वीसपर्यंत जातात. फोड झाकून न्या. आणि दोर कोणी कोणी धरला होता त्या सगळ्यांचे हात पहा, तुमचेही.

पोट्टा_हिंगण्याचा
बाप रे. मी वर ब्लीचिंग लिहिलं ते वाचू नका कोणी.

संत्रावाला_काटोलरोड
काल संध्याकाळीच मोटरसायकलवर मेडिकलला नेलं. खपलीतून नमुना घेतला, रिपोर्ट यायचा आहे पण गोळ्या सुरू केल्या, सूज आज उतरल्यासारखी वाटून राहिली. बाकी तिघांचे हात साफ आहेत. पशुसंवर्धनवाले सोमवारी येतो म्हणाले. काट्या लावून झाल्या, नाल्याकडे पण. घरचे म्हणतात बाभूळच अपशकुनी, तोडून टाक. तोडू का?

निवृत्त_ढोरडॉक्टर
राहू द्या. तोडली तर बुड उकरावं लागेल, आणि दहा वर्षांनी तुमच्या पोराला कळणार नाही की काट्या कशासाठी लावल्या होत्या. खोडाला लाल रंगाचा पट्टा मारा.