शब्दचर्चा : जीनोम की जनुकसंच? (संदर्भ : डासांच्या अळ्या मारणारा सूत्रकृमी)

डोहकाठ :
रोमॅनोमर्मिस क्युलिसिव्होरॅक्स या परजीवी निमॅटोडच्या जीनोमवर, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएवर, मराठीत लिहायचं आहे. निमॅटोडला सूत्रकृमी म्हणू की गोलकृमी? जीनोमला जनुकसंच चालेल का?

कृमिकोश :
सूत्रकृमीच. टोमॅटो-डाळिंबवाल्यांच्या तोंडी रुळलेला शब्द आहे. शिवाय ग्रीक 'नेमा' म्हणजे धागा, 'मर्मिस' म्हणजे दोरी. म्हणजे सूत्र दोन्हीकडे आहेच. पुढचं लॅटिन : क्युलेक्स डास, व्होरॅक्स खादाड.

खरा घोळ 'अळी'चा. डासाचीही अळी, कृमीचीही अळी; 'अळी अळीत शिरते' असं लिहिलंत की वाचक तिथेच अडकला. अळी डासाला ठेवा, कृमीचं 'पिल्लू' करा. जेमतेम मिलिमीटरभर पिल्लू पाण्यात पोहत येतं, अळीची त्वचा भोसकून आत जातं, आठवडा-दहा दिवसांत दोऱ्यासारखं वाढून वेटोळं घालतं आणि कातडं फाडून बाहेर पडतं. अळी मरते ती तेव्हा. एकाच अळीत फार पिल्लं शिरली, तर उपासमारीने बहुतेक नरच निपजतात.

बेसजोडी :
जनुकसंच नको. २०१३ साली या कृमीच्या जीनोमचा मसुदा प्रसिद्ध झाला. आकाराचा अंदाज ३० कोटी बेसजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरजोड्यांच्या) वर, म्हणजे प्रयोगशाळांमधला नेहमीचा सूत्रकृमी सी. एलेगन्स, त्याच्या (१० कोटी) तिप्पट. पण जवळपास निम्मा मजकूर पुनरावृत्तीचा. त्या सगळ्याला जनुकांचा संच कसं म्हणणार? जीनोम जीनोमच राहू द्या. सॉफ्टवेअरने भाकीत केलेल्या जनुकांच्या यादीसाठी जनुकसंच राखून ठेवा.

डोहकाठ :
आणि 'असेंब्ली'?

बेसजोडी :
जुळणी. डीएनए तुकड्यातुकड्यांनी वाचून ते तुकडे पुन्हा जोडायचे, ती. भजनाच्या वहीच्या चिंध्या झाल्यात असं समजा. कडव्यांच्या चिंध्या जागेवर लागतात, पण नुसतं ध्रुवपद असलेली चिंधी कोणत्या कडव्यामागची, हे कळत नाही. यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे पुनरावृत्तीपेक्षा आखूड असले की जुळणी नेमकी तिथे तुटते. म्हणून हा मसुदा हजारो तुकड्यांत आहे.

यातून क्रियापदाचं पथ्य येतं. सी. एलेगन्सचा जीनोम सलग वाचून झालाय, तिथे 'हे जनुक नाही' लिहा. इतर प्राण्यांत असलेली, पण त्याने गमावलेली विकासाची काही जनुकं या डासखाऊत शाबूत आहेत. तिथे 'आहे' बेलाशक लिहा. मात्र या मसुद्यात एखादं दिसलं नाही, तर 'नाही' नव्हे, 'सापडलं नाही'. ते दोन तुकड्यांमधल्या फटीत पडलेलं असू शकतं.