मिनिएचर, रंग वगैरे दुकानातून घ्यावं की प्रदर्शनातून?

प्रश्न: टेबलावरच्या युद्धखेळासाठी मिनिएचरची, म्हणजे साधारण 28 मिमी उंच शिपायांच्या पुतळ्यांची छोटी फौज उभी करायचीय, रंग, प्रायमर (रंगाआधी द्यायचा थर) सगळंच नवीन. जवळच्या दुकानातून घेऊ की हॉबी प्रदर्शनापर्यंत थांबू?

उत्तर: रंग दुकानातूनच घे, मध्येच संपला तर तीच शेड लगेच मिळते. स्प्रे प्रायमरपण तिथूनच, कारण ते डबे कुरियरवाले सहसा घेत नाहीत. ड्रॉपरवाली बाटली बघ, थेंब मोजून मिक्स करता येतं.

उत्तर: प्रदर्शनात लोकांच्या अर्धवट रंगवलेल्या फौजा स्वस्तात मिळतात, पण पिशवी उघडून बघाच, भाले-तलवारी वाकलेल्या असतात, मेटलच्या हळूहळू सरळ करता येतात, रेझिनच्या (कडक प्लास्टिकसारख्या) मात्र आधी गरम पाण्यात बुडवाव्या लागतात नाहीतर कटकन तुटतात. आणि आपला एक शिपाई सोबत न्या, 1/72 वाले (खऱ्या माणसाच्या 72व्या हिश्श्याएवढे) 28 मिमीशेजारी फारच बुटके दिसतात.

उत्तर: दुकानात खेळायला टेबल असेल तर थोडं तिथूनही घेत जा रे, ते बंद पडलं तर खेळायचं कुठे?