मदत हवी आहे : पंख तपासणीत ताठ आणि वेगात वाकतो, हे टेबलावर कसं दाखवायचं?

जुळे_सोलापूर :
सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रदर्शनात फॉर्म्युला वन शर्यतीतल्या गाड्यांच्या वाकणाऱ्या पंखांचं (हवेच्या जोरावर गाडी रस्त्यावर दाबून धरणाऱ्या पट्ट्यांचं) मॉडेल मांडायचं आहे. ३०० मिमी लांब, ४० मिमी रुंद, ३ मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एका टोकाला व्हाइसमध्ये धरली आणि दुसऱ्या टोकाला वजनं टांगली. १ किलोला १४ मिमी वाकते, २ किलोला २८. तपासणीला ताठ राहून पुढे एकदम झुकणं यात दिसतच नाही. पट्टी बदलायची की रचनाच चुकली आहे?
दुसरं, पोस्टरवर ‘२०१९ : फेरारीची इंधनचोरी’ असं ठळक लिहिलंय. ते बरोबर आहे का?

फिटर_एमआयडीसी :
पट्टीचा दोष नाही. व्हाइसमध्ये घट्ट धरलेली पट्टी दुप्पट वजनाला दुप्पटच वाकणार, कोणतीही घ्या. तुम्हाला उंबरठा हवाय, म्हणजे ठरावीक भारापर्यंत सांधा बंद आणि त्यापुढे उघडा. त्यासाठी स्प्रिंग आधीच दाबून ठेवावी लागते.

३८० मिमी लांब, ४० रुंद, ५ जाड पट्टी घ्या. स्लायडिंग खिडक्यांचं फॅब्रिकेशन करणाऱ्यांकडे तुकडा मिळून जाईल. लाकडी ठोकळ्याच्या पुढच्या कडेला १० मिमीचा गोल रॉड पक्का बसवा, तो टेकू. पट्टी त्यावरून ३०० मिमी पुढे काढा. टेकूच्या ६० मिमी मागे तेवढ्याच उंचीचं पॅकिंग ठेवा. तिथे ठोकळ्यातून वर येणारा ६ मिमीचा बोल्ट पट्टीतून काढा. पट्टीच्या वर वायसर (वॉशर), स्प्रिंग, पुन्हा वायसर आणि नट.

हिशोब असा : ३०० भागिले ६०, म्हणजे टोकावरचा १ किलो मागे ५ किलोने उचलतो. सांधा दीड किलोला उघडायचा तर स्प्रिंगमध्ये साडेसात किलो दाब हवा. १ मिमीला १ किलो घेणारी स्प्रिंग असेल तर नट स्प्रिंगला नुसता टेकल्यावर साडेसात फेरे आवळा, कारण ६ मिमीच्या साध्या बोल्टचा आटा फेऱ्याला १ मिमी सरकतो. तो ढिला होऊ नये म्हणून वर दुसरा नट, म्हणजे चेकनट लावा.

१ किलोला टोक साडेतीन मिमीच्या आसपास खाली येईल, २ किलोला २० मिमीच्या आसपास. पट्टीचं स्वतःचं वजनही टोकाशी ८० ग्रॅमइतकं काम करतं, म्हणून सांधा दीड किलोच्या जरा आधीच उघडेल. मोजण्याआधी शून्य लावून घ्या.

स्प्रिंगसाठी पॉवरलूमच्या सुट्या भागांच्या दुकानात बघा. ताकद किती हे दुकानदाराला विचारू नका, वजनकाट्यावर दाबून व्हर्नियरने स्वतः मोजा. ती १० मिमी दबल्यावरही वेढ्यांमध्ये फट राहिली पाहिजे. वेढे एकमेकांना टेकले की सांधा पुन्हा ताठ होतो आणि प्रयोग संपला.

जुळे_सोलापूर :
तसंच केलं. १ किलोला साडेतीन बरोबर येतंय. २ किलोला मात्र कधी १२, कधी २०, आणि डायल गेज (सरक काट्यावर दाखवणारं मापक) मध्येच थांबतो.

फिटर_एमआयडीसी :
डायल गेजचा प्रवास बहुधा १० मिमीचाच असतो, त्यामुळे तो थांबणारच. १ किलोची तपासणी गेजवर दाखवा, २ किलोला मागे उभी स्टील पट्टी लावा. आकडा बदलतोय तो घर्षणामुळे. पट्टी कलली की बोल्ट छिद्राच्या कडेला अडकतो. छिद्र कानशीने लांबीच्या दिशेने ८ मिमीपर्यंत लांबवा, टेकूवर ग्रीसचं बोट फिरवा आणि वजन सोडू नका, हाताने टेकवत न्या. एकदम सोडलं तर टोक हेलकावे खाऊन भलत्याच जागी अडकतं.

नियमावली_वाचक :
मॉडेल झकास, पण खाली स्पष्ट लिहा की खऱ्या गाडीच्या पंखात अशी स्प्रिंग सापडली तर ती गाडी सरळ बाद. खरा संशय असतो कार्बन फायबरच्या थरांच्या दिशेवर आणि सांध्यांवर. थर तिरके घातले तर पंख वाकताना पिळतोही. तपासणीत ठरलेल्या जागी ठरलेला भार देतात, हवा मात्र पूर्ण पंखावर दाबते आणि मागेही ओढते.

म्हणून संशय आला की एफआयए (या शर्यतींचे नियम करणारी जागतिक संस्था) चाचणीच बदलते. २०२१ मध्ये मागच्या पंखाची चाचणी कडक झाली आणि त्यावर ठिपके चिकटवून कॅमेऱ्यातून हालचाल पाहायला सुरुवात झाली. २०२५ च्या स्पॅनिश ग्रांप्रीपासून पुढच्या पंखावर दोन्ही बाजूंना सुमारे १०० किलो भार दिल्यावर १५ ऐवजी १० मिमीच वाकण्याची मुभा राहिली. पोस्टरवर वेगाचा तक्ताही टाका. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून १ किलो म्हणजे ताशी २०० किमी धरलं तर २ किलो म्हणजे २८३, ४०० नव्हे. बघणारे तिथेच चुकतात.

आता फेरारी. ‘चोरी’ हा शब्द काढाच. तेव्हाच्या नियमाने इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोच्या, म्हणजे सेकंदाला २७.८ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचा नव्हता. तो मोजणारं मीटर ध्वनिलहरींवर चालतं आणि ठरावीक अंतराने नोंद घेतं. दोन नोंदींच्या मधे जास्त इंधन सोडता येईल का, असा संशय होता. रेड बुल संघाने अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शर्यतीआधी लेखी विचारणा केली आणि एफआयएने ती वाट बंद असल्याचं कळवलं. त्याआधी फेरारीने स्पा, मोन्झा आणि सिंगापूरच्या शर्यती सलग जिंकल्या होत्या, त्यानंतर त्या हंगामात एकही नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये एफआयए आणि फेरारी यांच्यात गोपनीय समझोता झाला, सात संघांनी त्यावर जाहीर नाराजी नोंदवली आणि २०२० पासून दुसरं मीटर सक्तीचं झालं. दोषी ठरवणारा निर्णय मात्र कधीच आला नाही. शर्यती न जिंकणं हा पुरावा होत नाही, तो ट्रॅकच्या स्वरूपाचा परिणामही असू शकतो.

बेनेटन संघाच्या १९९४ च्या प्रकरणाचंही असंच लिहा : गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉन्च कंट्रोल (शर्यत सुटताना चाकं घसरू न देणारी, बंदी असलेली यंत्रणा) सापडलं, शर्यतीत वापरल्याचं सिद्ध झालं नाही. पक्का शिक्का हवा असेल तर बार संघ, इमोला २००५. गाडीत वेगळी इंधनाची जागा, ती रिकामी केल्यावर वजन तेव्हाच्या किमान मर्यादेच्या, म्हणजे ६०० किलोच्या खाली. निकाल रद्द आणि पुढच्या दोन शर्यतींची बंदी.

जुळे_सोलापूर :
छिद्र लांबवलं. २ किलोला पाच वेळा १९ ते २१ च्या मधे आलं. शीर्षक आता ‘२०१९ : इंधन मीटरवरचा संशय’ केलंय, आणि बार संघाचा वेगळा रकाना घेतोय.