दहा ओळींची स्क्रिप्ट आणि निवांत झोप

रात्रपाळी :
परवा 'दहाओळी' यांनी येथे लिहिले की, चालू डेटाबेसच्या बॅकअपसाठी दहा ओळींची शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, पुरते. ती रात्री दोनला क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यंत्रणेत, लावावी, सात दिवसांपेक्षा जुन्या फाइली तिनेच पुसाव्यात आणि आपण निवांत झोपावे. ती 'निवांत झोप' वाचून मला राहवले नाही, कारण अशाच एका स्क्रिप्टपायी मी एका पतसंस्थेत सलग तीन रात्री जागून काढल्या आहेत.

त्यांच्या स्क्रिप्टमध्ये मायएसक्यूएलडम्पचे, म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसची मजकूर-प्रत (डम्प) काढणाऱ्या आज्ञेचे, आउटपुट पाइपमधून, म्हणजे थेट पुढच्या आज्ञेच्या हाती, फाइल आकसणाऱ्या जीझिपला दिले आहे आणि पुढच्या ओळीत आधीची आज्ञा यशस्वी झाली का, ते तपासले आहे. स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशमध्ये पाइपचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो. म्हणजे चुकीच्या पासवर्डमुळे डम्प पहिल्याच क्षणी बंद पडला, तरी जीझिपने आपले काम चोख केलेले असते आणि डिस्कवर 20 बाइटांची, सर्वार्थाने वैध, परंतु आत काहीही नसलेली फाइल तयार झालेली असते. आमच्याकडे कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टला कळवले नाही. स्क्रिप्टने रोज 'बॅकअप यशस्वी' अशी नोंद केली आणि आठव्या रात्री शेवटची खरी प्रत स्वतःच पुसून टाकली. डिस्क गेली ती अकराव्या दिवशी.

माझे म्हणणे एवढेच की, हे काम हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टवर सोपवू नये. मायएसक्यूएलसाठी एक्स्ट्राबॅकअप हे तयार साधन आहे, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेससाठी पीजीबॅकरेस्ट आणि बारमन आहेत. ज्यांनी ती साधने लिहिली, त्यांनी आपल्या सर्वांच्या वाट्याच्या ठेचा आधीच खाल्लेल्या आहेत.

दहाओळी :
माझ्या लेखनावर एवढा वेळ खर्च केल्याबद्दल आभार. प्रथम एक दुरुस्ती. जुन्या फाइली शोधणाऱ्या फाइंड या आज्ञेला 'अधिक सात' सांगितले की पूर्ण आठ दिवस उलटलेल्या फाइलीच सापडतात. शिवाय फसलेला डम्प क्षणात संपत असल्यामुळे पुसण्याची ओळ रोजच्यापेक्षा काही मिनिटे आधी चालते. तेव्हा तुमची शेवटची खरी प्रत आठव्या नव्हे, नवव्या रात्री गेली असणार. आपल्याच अपघाताची तारीख ज्यांना नीट सांगता येत नाही, त्यांनी इतरांच्या स्क्रिप्टची शवचिकित्सा जरा जपून करावी.

पाइपमधली कोणतीही आज्ञा फसली तरी सारे फसले असे धरणारा पाइपफेल चालू करणारी एक ओळ माथ्यावर लिहिली की तुमचा मुख्य आक्षेप संपतो; दहाच्या अकरा ओळी होतील, हे मान्य. परंतु इतक्या रात्रींत कोणीही फाइलीच्या आकाराकडे पाहिले नाही, हा दोष माणसांचा आहे. तालुक्याच्या गावी संगणक पाहणारा माणूस एकच असतो आणि प्रिंटरची शाईही तोच भरतो. त्याला एक्स्ट्राबॅकअपची कोणती आवृत्ती कोणत्या सर्व्हरला चालते, याचा अभ्यास करायला सांगणे म्हणजे बॅकअप घेऊच नको असे सांगण्यासारखे आहे. स्क्रिप्ट त्याला निदान वाचता येते.

आणि साधनांचेच बोलायचे, तर प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीचे काय झाले ते आठवावे. 31 जानेवारी 2017 रोजी त्यांच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसली. बॅकअप आणि प्रतिकृतीचे पाच मार्ग हाताशी होते. पाचांपैकी एकही भरवशाचा निघाला नाही, हे त्यांनीच जाहीर केले.

रात्रपाळी :
नवव्या रात्री, तर नवव्या रात्री. प्रत गेली, हे तरी मान्य आहे ना?

गिटलॅबचे उदाहरण तुम्ही अर्धेच सांगितले. त्यांच्या 9.6 आवृत्तीच्या पोस्टग्रेसवर 9.2 चे पीजी-डम्प हे डम्प काढणारे साधन चालवले जात होते, त्यामुळे ते रोज बंद पडत होते. ते बंद पडल्याच्या ईमेल निघत होत्या, पण ईमेल खरी कोणाची हे पाहणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत परत फिरवल्या जात होत्या, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही. ही रोज ठरल्या वेळी चालणारी आणि मुकाट्याने फसणारी डम्पची यंत्रणाच होती, म्हणजे तुमचीच वाट. त्यांना वाचवले ते एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या चित्राने. त्या मधल्या सहा तासांतली माहिती कायमची गेली.

चरवी :
आपण दोघेही पाइपवर भांडत आहात, पण मूळ प्रश्नातला 'चालू' हा शब्द दोघांच्याही हातून निसटला आहे. मी एका दूध संस्थेचे काम पाहतो. आमचा सर्व्हर भाड्याचा, आणि त्याचे घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर. क्रॉनमधले रात्रीचे दोन म्हणजे आमच्याकडे सकाळचे साडेसात, अर्थात संकलन ऐन भरात असण्याची वेळ. मायएसक्यूएलडम्प काही वेगळे सांगितले नाही तर डेटाबेसमधील सर्व टेबलांना कुलूप घालून मगच काम सुरू करतो. रोज साडेसातला सभासद कॅन घेऊन रांगेत उभे, यंत्रावर फॅट दिसते आहे, परंतु नोंद होत नाही आणि पावतीही निघत नाही, असे आठ-नऊ मिनिटे चालायचे. दोन महिने आम्ही नेटवर्कला शिव्या दिल्या. सचिवांनी तर नवा राउटरही आणून बसवला.

अखेर कुलूप न घालता एका क्षणाचे स्थिर चित्र वाचणारा सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय जोडला आणि वेळ बदलली, तेव्हा हा त्रास थांबला.

दहाओळी :
माझ्या स्क्रिप्टच्या चौथ्या ओळीत सिंगल-ट्रान्झॅक्शन आहे. टीका करण्यापूर्वी चार ओळी वाचण्याचे कष्ट घेतले असते तर बरे झाले असते.

रात्रपाळी :
ते फक्त इनोडीबी या प्रकारच्या टेबलांना लागू पडते, हे मात्र तुमच्या एकाही ओळीत नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दोन-चार टेबले मायआयसॅम या जुन्या प्रकारची राहिलेली असतातच. त्यांना ना कुलूप, ना स्थिर चित्र. डम्प चालू असताना कोणी टेबलाची रचना बदलली, तर इनोडीबीचेही चित्र भंगते.

टंकखिळा :
कुलपांचा विषय संपला असेल, तर मला एक जुनी जखम उघडू द्या. बॅकअप परत भरून रिस्टोर झाला म्हणजे माहिती परत आली, असे आपण तिघेही गृहीत धरता. मी एका ग्रंथालयाची सभासद-सूची परत उभी केली. नोंदींची संख्या तंतोतंत जुळली आणि एकाही सभासदाचे नाव वाचता येईना.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या, सर्व लिप्या सामावणाऱ्या संकेतपद्धतीत तीन बाइट घेते. पहिला बाइट सर्वांचा एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो. हे बाइट लॅटिन-1, म्हणजे पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच, समजून वाचले की पहिल्याच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' येतो आणि दुसऱ्याच्या जागी चलनाचे एक सर्वसाधारण चिन्ह किंवा जपानी येन. सीमारेषा नेमकी ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीच्या मधून जाते: ऱ्हस्वाला ते साधे चिन्ह मिळते, दीर्घाला येन, उकार, मात्रा आणि पाय मोडण्याचे चिन्हही येनाच्याच बाजूला. त्यामुळे आमच्या यादीत पवारांच्या आडनावात एकही येन नव्हता, पाटलांच्या आडनावात एक होता आणि कुलकर्ण्यांच्या तीन. ग्रंथपाल हसत होते. मला मात्र हसू येत नव्हते, कारण मूळ सर्व्हर भंगारात गेला होता.

बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये वर्णसंचाचा, म्हणजे कोणते बाइट कोणते अक्षर हे ठरवणाऱ्या तक्त्याचा, उल्लेखच नसणे हा माझ्या मते पाइपफेलपेक्षा मोठा गुन्हा आहे. याविषयी मराठी माणसांनीच बोलायचे नाही, तर कोणी बोलायचे?

दहाओळी :
आता हेही माझ्या माथी! ज्याने टेबल बनवताना वर्णसंच दिला नाही, तो कोण, ते आधी शोधा. मायएसक्यूएलमध्ये 8.0 येईपर्यंत काही न सांगितल्यास लॅटिन-1 मिळायचा आणि अनुक्रम स्वीडिश, कारण ती कंपनी मूळची स्वीडनची. आपल्या वाचकांची यादी वर्षानुवर्षे स्वीडिश क्रमाने लागत होती, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. बॅकअपने ती उघडी पाडली तर दोष बॅकअपचा?

शिवाय तुमच्या कथेतली एक पायरी गाळलेली दिसते. लॅटिन-1 च्या टेबलात मराठी बाइट शिरलेले असले, तरी डम्प घेऊन त्याच रचनेत परत भरले की मजकूर जसाच्या तसा येतो. मायएसक्यूएलचा लॅटिन-1 एकही बाइट टाकून देत नाही. मग बिघडले केव्हा?

टंकखिळा :
गाळलेली पायरी सांगते. जुने टेबल आधुनिक करावे म्हणून मी डम्पच्या फाइलीतच 'लॅटिन-1' शोधून त्या जागी 'यूटीएफ-8-एमबी-4' (मायएसक्यूएलमधले यूटीएफ-8 चे पूर्ण रूप) घातले. डम्पने प्रत्येक बाइटाचे आधीच एकदा रूपांतर केलेले होते; मी टेबलाच्या वर्णसंचाचे नाव बदलले, आतला मजकूर दुहेरीच राहिला. हा माझा प्रमाद होता, लिहून घ्या. दुरुस्ती अशी की डम्प घेतानाच जोडणीचा वर्णसंच लॅटिन-1 सांगावा, फाइलीत वर्णसंच लिहू देऊ नये, आणि मग नव्या टेबलात ती यूटीएफ-8-एमबी-4 म्हणून भरावी. भंगारवाल्याकडून डिस्क परत मिळाली, म्हणून मला हे करता आले.

तरीही माझा मुद्दा उभाच आहे. नोंदी मोजून बॅकअप तपासता येत नाही. नावे वाचून पाहावी लागतात.

रात्रपाळी :
एक्स्ट्राबॅकअप फाइलींचे बाइट जसेच्या तसे उचलतो, रूपांतराच्या भानगडीत पडतच नाही. हे सर्व रामायण टळले असते.

दहाओळी :
टळले नसते, तर कचरा अत्यंत व्यावसायिक पद्धतीने नव्या सर्व्हरवर पोहोचला असता.

असो. स्क्रिप्टमध्ये मी भर घातली आहे. पाइपफेल आहे, डम्पच्या शेवटी 'पूर्ण झाला' ही ओळ आल्याशिवाय जुनी फाइल पुसली जात नाही, पासवर्ड स्क्रिप्टमधून काढून फक्त मालकाला वाचता येणाऱ्या फाइलीत ठेवला आहे, दर रविवारी दुसऱ्या यंत्रावर रिस्टोर होतो आणि शेवटची पाच नावे ईमेलने येतात. बाईंच्या समाधानासाठी वर्णसंचही लिहिला आहे.

रात्रपाळी :
मी ओळी मोजल्या, सत्तेचाळीस भरल्या. आणखी थोडे थांबलात तर पीजीबॅकरेस्ट आपणच लिहून टाकाल. रविवारच्या रिस्टोरची कल्पना मात्र चांगली आहे. ती माझ्याही यंत्रणेत नव्हती, हे मी एकदाच सांगतो. आणि ईमेल आली नाही तर काय समजायचे, तेही ठरवून ठेवा. गिटलॅबलाही ईमेल येत नव्हतीच.

चरवी :
ही स्क्रिप्ट परवा लावली. पहिल्या रात्री फाइलच झाली नाही, कारण तारखेची आज्ञा मी थेट क्रॉनच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबच्या ओळीत, लिहिली होती आणि तिथे टक्क्याचे चिन्ह म्हणजे ओळीचा शेवट समजला जातो. ती आज्ञा स्क्रिप्टमध्ये हलवल्यावर काम झाले. आज दुपारी जुन्या लॅपटॉपवर रिस्टोर केला, त्याला 52 मिनिटे लागली. आज सकाळचे दूध त्यात अर्थातच नव्हते. प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा बिनलॉग चालू आहे, पण तो त्याच डिस्कवर असल्यामुळे डिस्कबरोबरच जाईल. तोपर्यंत पावत्यांची पुस्तके फेकू नका, असे सचिवांना सांगितले आहे. कुलकर्णी नावाचे सभासद आमच्याकडे नाहीत. पाटील सत्तर आहेत, ते सर्व येनाविना परत आले.